कानातली शीळ आणि कॉफीच्या दोन बरण्या



आज रात्री एक साधा प्रयोग करा. घरातली मंडळी निजली, रस्त्यावरची वर्दळ थांबली की खोलीचे दार-खिडक्या लावून घ्या. पंखा बंद करा. डोळे मिटून पाच मिनिटे स्वस्थ पडा आणि नुसते ऐका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अगदी बारीक असा 'सूंऽऽ' किंवा 'चिंऽऽ' आवाज जाणवेल. तो बाहेरून येत नसतो.

घाबरू नका. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी नेमके हेच करून पाहिले. ज्यांना व्यवस्थित ऐकू येते अशा ८० जणांना त्यांनी ध्वनिरोधक खोलीत थोडा वेळ बसवले आणि काय ऐकू येते ते सांगायला सांगितले. शंभरांत ९४ या प्रमाणात लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. कोणाला गुणगुण, कोणाला शीळ, तर कोणाला रातकिडे. खोलीत मात्र काहीच वाजत नव्हते.

बाहेर आवाज नसताना तो ऐकू येणे याला 'कर्णनाद' म्हणतात. आपण बोलताना 'कान वाजतात' असे म्हणतो. बहुतेकांना तो क्वचित आणि क्षणभर जाणवतो. काहींच्या बाबतीत मात्र तो थांबतच नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली काढलेल्या अंदाजानुसार शंभर प्रौढांपैकी सुमारे १४ जणांना कर्णनादाचा अनुभव असतो आणि सुमारे दोघांना तो फार त्रास देतो. त्या चौदांपैकी मी एक आहे. म्हणून हा लेख काहीसा पुस्तकातून आणि काहीसा अनुभवातून आला आहे.

मोजायला गेलो आणि सापडलो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या विसर्जन मिरवणुकीत आवाज किती असतो हे मोजावे म्हणून मी प्रयोगशाळेतला ध्वनिमापक घेऊन दोन विद्यार्थ्यांसह रस्त्यावर उभा राहिलो. ध्वनिवर्धकांच्या भिंतीपासून आम्ही जेमतेम तीन मीटरवर होतो. काटा १०० डेसिबलच्या आसपास डोलत होता. विद्यार्थ्यांना मी कानात बोळे घालून मागे उभे केले आणि स्वतः मात्र आकडे टिपत दीड तास तिथेच थांबलो. वर्गात ध्वनीचा धडा शिकवणारा माणूस स्वतःचे कान विसरला, असे म्हणा ना!

घरी आलो तो कानांत कापूस कोंबल्यासारखे वाटत होते आणि वर एक तीव्र शीळ. सकाळी दडे गेले, पण शीळ राहिली. दिवसा ती लक्षात येत नसे. रात्री उशीला डोके टेकले की सुरू. आठवडा गेला, महिना गेला. झोप मोडू लागली, वर्गात चिडचिड होऊ लागली. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले, "वरच्या स्वरांचे ऐकणे थोडे कमी झाले आहे. धोका काही नाही, पण ही शीळ घालवणारे औषध माझ्याजवळ नाही."

आवाज येतो कोठून?

ध्वनीची कंपने कानाच्या पडद्यावरून तीन लहान हाडांमार्गे अंतर्कर्णात पोचतात. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी घेतलेली एक नळी असते, तिला कर्णावर्त म्हणतात. त्यात द्रव भरलेला असतो आणि सुमारे पंधरा-सोळा हजार रोमपेशी रांगेने बसवलेल्या असतात. नळीच्या सुरुवातीच्या टोकाकडील पेशी वरचे, बारीक स्वर टिपतात, तर आतल्या टोकाकडील पेशी खालचे, जाड स्वर. रोमपेशींचे सूक्ष्म केस हलले की विद्युत्-संदेश निघतो आणि मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो.

अति मोठ्या आवाजाने या रोमपेशी दुखावतात, पुष्कळदा मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात, हे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले. माणसाला मात्र ती सोय नाही. कोंबडीच्या पिलाला जमते ते आपल्याला जमत नाही!

मग पेशी मेल्या तर त्या जागेचे स्वर ऐकू येऊ नयेत, उलट शीळ का ऐकू यावी? याचे उत्तर समजण्यासाठी जुना ट्रान्झिस्टर आठवा. स्टेशन जोरात लागले असेल तर खरखर नसते. काटा दोन स्टेशनांच्या मधे नेला की खरखर वाढते. संदेश क्षीण झाला की रेडिओतले मंडल आपण होऊन वर्धन वाढवते आणि त्याबरोबर मंडलातला मूळचा गोंगाटही मोठा होतो. मेंदूचेही काहीसे असेच होत असावे, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. कर्णावर्ताच्या एका भागाकडून संदेश येणे कमी झाले की मेंदू त्या 'स्टेशना'चे वर्धन वाढवतो आणि मज्जापेशींची नेहमीची कुजबुज शीळ बनून ऐकू येते. कानाचा मज्जातंतू शस्त्रक्रियेत कापावा लागलेल्या अनेक रुग्णांची शीळ त्यानंतरही चालूच राहिली आहे. म्हणजे शीळ सुरू होते कानातल्या बिघाडाने, पण ती वाजत राहते डोक्यात.

आणखी एक गंमत पाहा. बाहेरचा स्वर ऐकवून रुग्णाची शीळ त्याच्याशी जुळवली, तर ती बहुधा त्याला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या दहा-पंधरा डेसिबलच वर भरते. म्हणजे पानांच्या सळसळीएवढी! इतका लहान आवाज एखाद्याला रात्र-रात्र जागवतो आणि दुसऱ्याच्या ध्यानीही नसतो. त्रास आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्याकडे लागलेल्या लक्षावर अधिक अवलंबून असतो.

सल्ल्यांचा पाऊस

माझी तक्रार कळताच सल्ले येऊ लागले. चहा सोडा. मीठ सोडा. दही-केळे बंद. कानात लसणाचे तेल घाला. अमुक गोळ्या घ्या. प्रत्येकाजवळ गुण आलेल्या कोणा ओळखीच्याचे उदाहरण होते. तुमच्याही घरी असे होत असेल. तेव्हा हे सल्ले एकेक करून तपासू.

चहा-कॉफी : यांतल्या कॅफीनने कर्णनाद वाढतो ही समजूत जगभर आहे. इंग्लंडमध्ये नेहमी कॅफीन घेणाऱ्या ६६ कर्णनादी स्वयंसेवकांवर ३० दिवसांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. आपल्या पेयात कॅफीन आहे की नाही हे पिणाऱ्याला कळू दिले नव्हते. कॅफीन बंद केल्याने कर्णनाद कमी झाला नाही. उलट ते सुटल्यामुळे डोकेदुखीसारखे त्रास मात्र झाले.

मीठ : अंतर्कर्णातल्या द्रवाचा समतोल बिघडणारा एक विकार आहे. १८६१ साली त्याचे वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावावरून त्याला मेनियेरचा विकार म्हणतात. त्यात भोवळ येते, कान दडपतो आणि वाजतो. अशा रुग्णांना डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, पण या सल्ल्यामागेही पक्क्या चाचण्यांचा आधार अजून फारसा नाही. इतर कर्णनाद्यांची शीळ मीठ सोडून थांबते असे दिसलेले नाही. तरी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सर्वांसाठीच चांगला. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ त्यातच धरायचे. त्याने रक्तदाब आटोक्यात राहतो. अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी फार बारीक असते, म्हणून रक्तवाहिन्या निरोगी राहणे कानाच्याही हिताचे. तंबाखू सोडावी ती याही कारणाने.

गोळ्या आणि अर्क : गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क कर्णनादावर पुष्कळ खपतो. ब्रिटनमध्ये ११२१ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. अर्काची गोळी आणि तशीच दिसणारी पोकळ गोळी यांत फरक दिसला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत कर्णनादासाठी गिंको, जस्त किंवा तत्सम पूरक गोळ्या देऊ नयेत असेच म्हटले आहे.

कानात तेल : मळ घट्ट बसला तर कान वाजू शकतो हे खरे. पण तेल, काडी, हेअरपिन यांनी तो आणखी आत जातो, प्रसंगी पडदाही फाटतो. मळ डॉक्टरांकडूनच काढवावा.

आणि एक गोष्ट सल्ले देणारे सहसा सांगत नाहीत. काही औषधांनीच कान वाजतात. ॲस्पिरिन आणि क्विनाइन मोठ्या मात्रेत घेतल्यास शीळ येते आणि औषध थांबल्यावर बहुधा जाते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या जातीच्या इंजेक्शनांनी मात्र रोमपेशी कायमच्या मरू शकतात. म्हणून औषध चालू असताना कान वाजू लागले तर ते आपल्या मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगावे.

दोन बरण्यांचा प्रयोग

हे सगळे वाचूनही माझ्या मनात शंका होतीच. इतरांना फरक पडला नसेल, पण मला पडत असेल तर? पूर्वी एकदा आठ दिवस चहा सोडून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी डोके दुखले आणि शीळ वाढल्यासारखी वाटली. पण त्या आठवड्यात परीक्षेचे पेपरही तपासायचे होते. मग दोष चहाचा, पेपरांचा की जागरणाचा? एकाच वेळी तीन राशी बदलल्या तर उत्तर मिळत नाही, हे मीच तुम्हा मुलांना प्रयोगवहीत लिहायला लावतो!

म्हणून नीट प्रयोग केला. आठ आठवडे चहा बंद, रोज कॉफीचे दोनच पेले. सौ.ने दोन सारख्या बरण्या घेतल्या, एकीत नेहमीची कॉफी आणि दुसरीत कॅफीन काढून टाकलेली. बरण्यांवर नुसते 'अ' आणि 'ब'. दर पंधरवड्यात एक आठवडा एक बरणी आणि दुसरा आठवडा दुसरी. आधी कोणती हे ती नाणे उडवून ठरवी. मला काहीच सांगायची नाही. मी रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहायच्या : शीळ किती (० ते १०), आदल्या रात्री झोप किती तास आणि दिवसभरात मोठा आवाज सोसावा लागला का.

आठ आठवड्यांनी बरण्यांचे गुपित फोडले. दोन्हींच्या आकड्यांची सरासरी जवळजवळ सारखी होती. जो किंचित फरक होता त्याहून मोठा चढउतार एकाच आठवड्यात दोन दिवसांमध्ये दिसत होता. म्हणजे कॉफी निर्दोष! त्या दिवसापासून माझा सकाळचा चहा मला परत मिळाला.

पण त्याच वहीत दुसरे काही सापडले, जे मी शोधतच नव्हतो. ज्या रात्री झोप सहा तासांहून कमी, त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा बहुधा चढलेला. आणि थंडी पडल्यावर पंखा बंद केला त्या आठवड्यात आकडे वर गेलेले.

येथे तुमच्यातला चौकस विद्यार्थी विचारील, "सर, झोप कमी म्हणून शीळ वाढली, की शीळ वाढली म्हणून झोप कमी झाली?" प्रश्न अगदी योग्य आहे. नुसत्या वहीवरून बाण कोणत्या दिशेचा हे कळत नाही. कदाचित दोन्ही दिशांनी असेल. शिवाय हा एका माणसाचा प्रयोग. माझे उत्तर तुम्हाला लागू पडेलच असे नाही, पण पद्धत मात्र लागू पडेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, वही ठेवा, आणि शक्य तर स्वतःला कळू न देता बदला.

संपूर्ण शांतता नको

पंख्याची गोष्ट आता तुम्हाला उलगडली असेल. भर दुपारी मेणबत्तीचा उजेड दिसत नाही, अंधारात तीच खोली भरून टाकते. दहा डेसिबलची शीळ शांत खोलीत राज्य करते. पंख्याच्या घरघरीत तिचा पत्ता लागत नाही. ही युक्ती जुनी आहे. फ्रेंच वैद्य इतार यांनी १८२१ साली कानाच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात कर्णनाद्यांना ओल्या लाकडांच्या तडतडत्या शेकोटीजवळ किंवा पाणचक्कीजवळ राहण्याचा उपाय सांगितला होता.

म्हणून कान वाजतात त्याने संपूर्ण शांततेच्या मागे लागू नये. मंद पंखा किंवा हलक्या आवाजातले वाद्यसंगीत उशापाशी असू द्यावे. आवाज इतकाच की शीळ त्यात विरघळावी, बुडून जाण्याची गरज नाही. आपल्याला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते, तसा मेंदू हळूहळू शीळही निरुपद्रवी म्हणून सोडून देतो. याला महिने लागतात. रोज ठरावीक वेळी झोपणे, दिवसा चालणे-फिरणे, मन रमेल असे काम हाती असणे या साध्या सवयी इथे उपयोगी पडतात. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना श्रवणयंत्रानेही पुष्कळ आराम पडतो. आणि फारच त्रास असेल तर विचारांची व वागण्याची घडी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत आहे. शीळ घालवण्यापेक्षा तिचा जाच कमी करण्यात तिचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे.

नऊ मीटरचे गणित

आता शेवटचे आणि तुमच्या वयात सर्वांत महत्त्वाचे. माझी शीळ कायमची आहे, तुमची अजून यायची आहे आणि ती बहुतांशी टाळता येते.

डेसिबलचे माप घातांकी असते. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. कामगारांसाठी अमेरिकेतील व्यवसाय-सुरक्षा संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. मी ९० मिनिटे उभा होतो, म्हणजे सहापट मात्रा घेतली.

मी काय करायला हवे होते? मोकळ्या मैदानात लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की ध्वनी ६ डेसिबलने उतरतो. हा वर्गव्यस्ताचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ३ मीटरवरून १२ मीटरवर गेलो असतो, तर अंतर दोनदा दुप्पट, म्हणून १२ डेसिबल कमी : १०० चे ८८. पंधरा मिनिटांचे चार तास! अरुंद गल्लीत भिंतींवरून आवाज परततो, तिथे लाभ याहून कमी. तरीही नऊ मीटर मागे सरकायला पैसा पडत नाही. कापसाच्या बोळ्याने आवाज फार थोडा अडतो, त्यापेक्षा नीट बसवलेले फोमचे बोळे बरे.

'दुसऱ्या दिवशी कान बरे झाले, मग काय बिघडले?' असेही समजू नका. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत दिसली. पण रोमपेशी आणि मज्जातंतू यांचे सांधे तपासले तेव्हा काही भागांत जवळजवळ निम्मे कायमचे तुटलेले आढळले.

इअरफोन तर कानातच असतो, मागे सरकायला जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे मुलांनी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. साधी खूण अशी : इअरफोन लावलेला असताना हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू येत नसेल तर आवाज कमी करा.

डॉक्टरांकडे केव्हा?

कान क्वचित क्षणभर वाजला तर काळजी नको. पण शीळ एकाच कानात टिकून असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, भोवळ येत असेल किंवा कानातून पू येत असेल तर दाखवा. आणि एखाद्या कानाचे ऐकणे अचानक गेले तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी जा. तिथे उपचाराचे मोल दिवसांत मोजावे लागते.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने शाळेची घंटा, मधली सुट्टी, बसस्थानक आणि गावातली एखादी मिरवणूक येथील आवाज मोजा. मोबाइलमधले मापक अचूक नसते, पण तुलनेपुरते चालते. प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणे बरे, हे वरच्या गणिताने काढा. उगमापासून ३, ६ आणि १२ मीटरवर मोजून वर्गव्यस्ताचा नियम कितपत खरा उतरतो तेही पाहा. आणि आकडे टिपताना कानात बोळे घालायला विसरू नका. तो धडा मी तुमच्या वतीने आधीच शिकलो आहे.